पर्सी ब्रिजमन : दाबाखालच्या जगाचा कारागीर

अंडे शिजवायला विस्तव लागतो, ही स्वयंपाकघरातली साधी समजूत. १९१४ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातल्या एका तरुण अध्यापकाने ती चुकीची ठरवली. त्याने अंड्यातला पांढरा भाग जाड पोलादी नळकांड्यात भरला आणि साध्या खोलीच्या तापमानाला त्यावर दाब द्यायला सुरुवात केली. हवेच्या दाबाच्या पाच हजार पट दाबाला तो भाग घट्टसर झाला. सहा हजार पटीला नासलेल्या दुधासारखा दिसू लागला. सात हजार पट दाब अर्धा तास ठेवल्यावर तो उकडलेल्या अंड्यासारखा पक्का गोठून बाहेर आला. आच कुठेच नव्हती. उलट थंडीत हे काम अधिक सहज होते, असेही त्याला आढळले. या प्रयोगावर त्याने जीवरसायनशास्त्राच्या एका नियतकालिकात लहानसे टिपण लिहिले आणि तो आपल्या नेहमीच्या कामाकडे वळला.

या अध्यापकाचे नाव पर्सी विल्यम्स ब्रिजमन. अंड्यात त्यांना विशेष रस नव्हता. त्यांच्याकडे त्या काळी जगात कुठेच नव्हते असे दाबयंत्र होते आणि जे हाती लागेल ते त्यात घालून बघायची त्यांना सवय होती. आज मोठ्या दुकानांच्या शीतकपाटात मिळणारे काही फळांचे रस आणि अॅव्होकाडोची चटणी न तापवता, केवळ दाबाने जंतुमुक्त केलेली असते. सीलबंद बाटल्या पाण्याने भरलेल्या मोठ्या नळकांड्यात ठेवून चार ते सहा हजार वातावरणांचा दाब दिला की जंतूंमधली प्रथिने बिघडतात. जीवनसत्त्वे आणि वास देणारे रेणू आकाराने लहान. त्यांना या दाबाने फारसा धक्का लागत नाही, म्हणून चव ताजी राहते. दाबाने दूध टिकवण्याचा प्रयत्न वेस्ट व्हर्जिनियात बर्ट हाइट यांनी १८९९ मध्येच केला होता. प्रथिनांवर दाबाचा परिणाम नेमका कसा होतो, हे अंड्याच्या रूपाने स्वच्छ दाखवले ते ब्रिजमन यांनी.

एवढा दाब द्यायचा तर तो सोसणारे भांडे आधी हवे. जगातल्या सर्वांत खोल समुद्राच्या तळाशी सुमारे अकराशे वातावरणांचा दाब असतो. घरच्या प्रेशर कुकरमध्ये बाहेरच्या हवेच्या दुप्पट, फार तर किंचित जास्त. सात हजार वातावरणांना भांड्याची भिंत, झाकण, सांधा यांपैकी काहीतरी हमखास दगा देते. ब्रिजमन यांच्या नावावर पुढे नोबेल जमा झाले, तत्त्वज्ञानाची पुस्तके आली, पण त्यांच्या पन्नासेक वर्षांच्या उद्योगातला बराचसा काळ एकाच प्रश्नाशी झुंजण्यात गेला : हे पोलाद कुठवर टिकेल आणि त्यानंतर काय वापरायचे?

त्यांचा जन्म २१ एप्रिल १८८२ रोजी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज या गावी झाला. हार्वर्ड विद्यापीठ याच गावात. वडील रेमंड पत्रकार होते. राज्याच्या राजकारणाच्या बातम्या देत आणि पुस्तके लिहीत. मोठ्या श्रद्धेचे घर, पण मुलाने चर्चचे सभासद व्हायला नकार दिला. १९०० साली तो हार्वर्डमध्ये शिकायला गेला तो तिथलाच झाला. १९०४ मध्ये पदवी, १९०८ मध्ये डॉक्टरेट, मग अध्यापन, १९१९ मध्ये प्राध्यापकपद आणि १९५४ मध्ये निवृत्ती, सारे एकाच विद्यापीठात. १९१२ साली ऑलिव्ह वेअर यांच्याशी विवाह झाला. एक मुलगी, एक मुलगा. वरवर पाहता त्यांच्या चरित्रात याहून जास्त घडामोड नाही. घडामोड झाली ती जेफरसन प्रयोगशाळेत.

१९०५ च्या सुमारास त्यांनी ठरवलेला विषय वेगळाच होता. दाबाखाली द्रवातून प्रकाश कसा वाकतो, ते मोजायचे होते. प्रयोग चालू असताना उपकरणाचा एक महत्त्वाचा भाग स्फोट होऊन फुटला. बदली भाग युरोपातून यायचा होता. वाट पाहण्याच्या त्या काळात त्यांनी दाबाच्या भांड्याचे झाकण नव्या पद्धतीने बांधायला घेतले. हेतू एवढाच की भांडे पटकन उघडता आणि बंद करता यावे. पण बनवलेली गोष्ट हाती घेऊन नीट विचार केल्यावर लक्षात आले की हे झाकण कधी गळूच शकत नाही.

ही युक्ती समजून घ्यायला कुकरचा आधार घेता येतो. काही कुकरांचे झाकण आतून बसते. आत वाफ कोंडली की ती झाकणाला काठावर दाबते. वाफ जितकी जास्त, तितके झाकण घट्ट. ब्रिजमन यांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. अळंबीच्या आकाराचा एक पोलादी तुकडा कल्पनेत आणा. वरची छत्री द्रवाकडे, खाली दांडा. छत्रीखाली दांड्याभोवती रबरासारख्या मऊ पदार्थाचे कडे. दांड्याचे टोक मात्र मोकळ्या भोकात, कशावरही न टेकलेले. आता द्रव संपूर्ण छत्रीवर दाब देतो, पण तो सारा भार झेलायला खाली फक्त कडेच असते, कारण दांड्याला टेकू नाही. तेवढाच भार कमी क्षेत्रफळावर आला की तिथला दाब वाढतो. म्हणजे कड्यातला दाब द्रवाच्या दाबापेक्षा नेहमीच ठरावीक प्रमाणात जास्त राहणार. द्रवाने कितीही जोर केला तरी कडे त्याच्याहून एक पायरी वर. पाणी चढावर वाहत नाही, तसा द्रव जास्त दाबाच्या जागेत शिरू शकत नाही. गळती संपली.

तोवर फ्रान्सच्या आमागा यांच्यासारखे नावाजलेले संशोधक सुमारे तीन हजार वातावरणांपाशी थांबले होते. ब्रिजमन थोड्याच काळात बारा हजारांवर नित्याचे काम करू लागले आणि गरजेप्रमाणे वीस हजारांपर्यंत गेले. प्रकाशाचा मूळ प्रयोग मागे पडला, तो पडलाच. गळतीची अडचण दूर झाल्यावर आता मर्यादा एकच उरली, ती भांड्याच्या धातूची ताकद.

आणि भांडी फुटत. क्रोमियम आणि व्हॅनेडियम मिसळलेले, तापवून विशिष्ट रीतीने थंड केलेले चांगल्यातले चांगले पोलादही फुटे. ब्रिजमन यांचा वेगळेपणा असा की फुटलेला तुकडा ते टाकून देत नसत, त्याचाही अभ्यास करत. एक विचित्र प्रकार त्यांना वारंवार दिसला. पोलादी दांडा दोन्ही बाजूंच्या कड्यांतून बाहेर आलेला आहे, मधल्या भागावर चहूबाजूंनी द्रवाचा दाब आहे, टोकांना कोणी ओढत नाही. तरीही ठरावीक दाबाला दांडा मधोमध चिमटल्यासारखा बारीक होऊन तुटतो आणि दोन्ही तुकडे जोराने बाहेर फेकले जातात. ताण न देता वस्तू ताणल्यासारखी तुटते! पदार्थ केव्हा तुटतो याविषयी त्या काळी पुस्तकांत जे नियम होते, त्यांत हे बसत नव्हते. १९१२ साली त्यांनी या तुटण्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. पारा आणि हायड्रोजन यांनी वेगळाच त्रास दिला. प्रचंड दाबाखाली पारा पोलादात घुसून त्याला ठिसूळ करतो, तर हायड्रोजन पोलादाच्या भिंतीतून चक्क वाट काढतो. अभेद्य वाटणारा धातू प्रत्यक्षात तसा नसतो, हे त्यांना यंत्र मोडून मोडून कळले.

पोलादाकडून जास्त काम करून घेण्यासाठी त्यांनी ज्या युक्त्या वापरल्या, त्या आजही दाबपात्रे बांधणाऱ्यांच्या पुस्तकात आहेत. पहिली युक्ती तोफा बनवणाऱ्यांनाही ठाऊक होती. नळकांडे वापरण्यापूर्वी त्याला मुद्दाम जास्त दाब द्यायचा, इतका की आतला थर कायमचा फाकेल. बाहेरचा थर मात्र मूळ आकाराकडे यायला बघतो आणि आतल्या थराला सतत आवळून धरतो. पुढे आतून दाब आला की आधी ही आवळण उतरावी लागते आणि मगच आतल्या थराला ताण बसतो. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात आणि थंड झाल्यावर ती लाकूड आवळते, त्यातलाच हा प्रकार. दुसरी युक्ती अधिक खास त्यांची. नळकांडे बाहेरून निमुळते करायचे, ते जाड निमुळत्या कड्यात बसवायचे आणि आतला दाब वाढेल तसे त्याला कड्यात अधिकाधिक रेटायचे. आतून जितका जोर, तितका बाहेरून आधार. यामुळे ते पन्नास हजार वातावरणांपर्यंत पोहोचले.

तिथे पोलादाचा दट्ट्याच चेपायला लागला. मदतीला आले टंग्स्टन कार्बाइड. आज भिंतीला भोक पाडायच्या ड्रिलच्या टोकाला हाच कठीण पदार्थ लावलेला असतो. १९२० च्या दशकात तो जर्मनीत हत्यारांसाठी तयार झाला आणि लवकरच अमेरिकेत मिळू लागला. कार्बाइडच्या कणांना कोबाल्टने चिकटवून बनवलेला हा पदार्थ दाबाला पोलादाहून कितीतरी पट दाद देत नाही, पण ताणाला कच्चा. म्हणून त्याला ताण बसूच नये अशी रचना हवी. ब्रिजमन यांनी एक अख्खे छोटे दाबयंत्र दुसऱ्या मोठ्या दाबपात्रातल्या द्रवात बुडवले. बाहेर सुमारे तीस हजारांचा दाब, त्याच्या कुशीत आतले छोटे पात्र एक लाख वातावरणांपर्यंत. आणखी वर जायचे तर त्यांनी पात्रच काढून टाकले. कार्बाइडच्या दोन ऐरणी समोरासमोर, प्रत्येकीचे टोक लहान आणि बूड रुंद, मध्ये पदार्थाची पातळ चकती. टोकावर कितीही भार आला तरी मागचे रुंद बूड त्याला सांभाळते. जगभरच्या प्रयोगशाळांत ही जोडी ब्रिजमन ऐरण म्हणूनच ओळखली जाते. १९५९ मध्ये अमेरिकी संशोधकांनी कार्बाइडच्या जागी दोन हिरे बसवले, मांडणी तीच. आज पृथ्वीच्या गाभ्यातला दाब तळहातावर मावणाऱ्या उपकरणात निर्माण होतो, तो याच मार्गाने.

या सगळ्यात ते स्वतः लेथवर उभे राहत. हाताखाली मोठा फौजफाटा ठेवायचा नाही, मोजमापे शक्यतो आपणच घ्यायची, हा शिरस्ता. डॉक्टरेटचे विद्यार्थी मोजकेच, पण त्यांत पुढे भौतिकीत मोठे झालेले जॉन स्लेटर आणि पृथ्वीच्या अंतरंगाचे अभ्यासक फ्रान्सिस बर्च होते. पदवीच्या वर्गात त्यांच्याकडे शिकलेल्यांत रॉबर्ट ओपेनहायमर यांचे नाव आहे. विद्यापीठाच्या समित्या आणि बैठका यांचा त्यांना मनस्वी कंटाळा आणि तो लपवण्याची तसदी ते घेत नसत. सहकाऱ्यांना हे नेहमीच रुचले असेल असे नाही. अशा माणसाच्या वाट्याची कारकुनी शेवटी दुसऱ्या कुणाला तरी करावी लागते. पण त्यातूनच सुमारे २६० शोधनिबंध उभे राहिले.

या निबंधांत काय नाही? पाणी दाबाखाली बर्फ होते, पण ते आपल्या ओळखीचे बर्फ नव्हे. जर्मनीच्या टॅमान यांनी अशा बर्फाचे दोन प्रकार शोधले होते. ब्रिजमन यांनी १९१२ मध्ये आणखी प्रकार दाखवले आणि १९३७ मध्ये सातवा. हे बर्फ पाण्यापेक्षा जड असते, त्यामुळे बुडते, आणि सातवा प्रकार पाणी उकळते त्या तापमानालाही घट्टच राहतो. १९१४ साली त्यांनी पांढरा फॉस्फरस सुमारे दोनशे अंश सेल्सियसला बारा हजार वातावरणांखाली ठेवला. खरे तर पांढऱ्या फॉस्फरसचे एक वेगळे रूप ते तपासत होते, पण बाहेर आला काळा, ग्रॅफाइटसारखा पदार्थ. पांढरा फॉस्फरस हवेत आपोआप पेट घेतो. हा काळा भाऊ शांत. शंभर वर्षांनी त्याचे अणूइतके पातळ थर काढून त्यापासून इलेक्ट्रॉनिक भाग बनवण्याचे प्रयोग सुरू झाले. धातूंची वीजवाहकता, द्रवांचा चिकटपणा, स्फटिकांचे आकसणे यांची कोष्टकेच्या कोष्टके त्यांनी भरली. कंटाळवाणे वाटेल असे हे काम, पण पृथ्वीच्या पोटात काय असावे याचा अंदाज बांधणाऱ्यांना नेमकी तीच कोष्टके लागत होती.

पोलादाविषयीचे त्यांचे सर्वांत उपयोगी निष्कर्ष दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले आहेत. चिलखती पत्रा तोफगोळ्याने कसा भेदला जातो, हा लष्करापुढचा प्रश्न होता. गोळा आत शिरताना तिथल्या पोलादावर क्षणभर भयंकर दाब येतो आणि अशा दाबाखाली पोलाद कसे वागते ते कुणालाच नीट माहीत नव्हते. ब्रिजमन यांनी पोलादाच्या सळया दाबलेल्या द्रवात बुडवून ओढल्या. बाहेर हवेत जी सळई थोडी ताणून तुटते, तीच दाबाखाली कितीतरी लांबते. तुटण्यापूर्वी तिची मान तारेसारखी बारीक होते. धातू तोच, भट्टी तीच, पण ठिसूळपणा लोपतो. कारण तुटण्याची सुरुवात होते ती आत उघडणाऱ्या सूक्ष्म पोकळ्यांपासून आणि चहूबाजूंचा दाब त्या उघडूच देत नाही. एखादा पदार्थ ठिसूळ की लवचिक, हा त्याचा एकट्याचा गुण नाही. तो कोणत्या स्थितीत आहे यावर ते ठरते. या कामावरचे त्यांचे पुस्तक १९५२ मध्ये निघाले. सळई ओढून ताकद तपासताना बारीक झालेल्या मानेपाशी ताण मोजण्यात जी चूक होते, ती काढण्याचे त्यांचे सूत्र अभियांत्रिकीचे विद्यार्थी आजही शिकतात.

युद्धाने त्यांच्यापुढे याहून अवघड हिशेब आणला. १९३९ च्या फेब्रुवारीत त्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात निवेदन देऊन जाहीर केले होते की हुकूमशाही राष्ट्रांच्या नागरिकांना आपल्या प्रयोगशाळेत प्रवेश मिळणार नाही. ज्या माणसाला स्वतःच्या मनाने वागायचे स्वातंत्र्य नाही, त्याला दिलेले ज्ञान त्याच्या सरकारच्या हाती जाते, असा त्यांचा मुद्दा. विज्ञान सर्वांचे, असे मानणाऱ्यांनी यावर नाक मुरडले. काही वर्षांतच ब्रिजमन स्वतःच्या सरकारसाठी युरेनियम आणि प्लुटोनियम दाबाखाली किती आकसतात ते मोजत होते. अणुबाँबच्या आराखड्याला तो आकडा हवा होता आणि तो प्रकल्प त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याच्या, ओपेनहायमर यांच्या देखरेखीखाली चालला होता. १९५५ मध्ये अण्वस्त्रांच्या धोक्याविरुद्ध रसेल आणि आइनस्टाइन यांनी काढलेल्या जाहीरनाम्यावर ज्या अकरा जणांच्या सह्या आहेत, त्यांत ब्रिजमन यांची सही आहे. या तीन घटना एकमेकींशी कशा जुळवायच्या, ते ज्याने त्याने ठरवावे.

१९४६ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक त्यांना एकट्याला मिळाले, प्रचंड दाबाची उपकरणे आणि त्यांतून लागलेले शोध यांसाठी.

एका गोष्टीने मात्र त्यांना अखेरपर्यंत हुलकावणी दिली, ती म्हणजे हिरा. ग्रॅफाइट आणि हिरा दोन्ही कार्बनच. पुरेसा दाब दिला की एकाचे दुसरे व्हावे. ब्रिजमन यांनी ग्रॅफाइट वर्षानुवर्षे दाबून पाहिले. १९४१ मध्ये काही अमेरिकी कंपन्यांनी या कामासाठी हजार टनी दाबयंत्रही दिले. दाब भरपूर होता. कमी पडत होती ती त्याच वेळी, पुरेसा वेळ टिकणारी उष्णता आणि कार्बनला वाट करून देणारा वितळलेला धातू. उष्णता वाढवली की पोलाद आणि कार्बाइड दोन्ही मऊ पडत. डिसेंबर १९५४ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल यांना हिरे मिळाले. त्यांच्या यंत्रात कार्बाइड होते, निमुळते भाग होते, बाहेरून आवळणारी कडी होती. ब्रिजमन यांच्या कामाची ओळख पटण्यासारखे पुष्कळ होते. शोध मात्र त्यांचा नव्हता.

दाबाचा आकडा म्हणजे नेमके काय, हा प्रश्नही त्यांना स्वस्थ बसू देत नसे. कमी दाब ज्या मापकाने मोजतात, तो वरच्या दाबाला फुटतो. मग मँगनिन या मिश्रधातूच्या तारेचा विद्युतरोध दाबाने वाढतो त्यावरून मोजायचे. तेही जमेना झाले की एखाद्या धातूचे आकारमान एकदम बदलते ती खूण धरायची. पण मोजायची रीत बदलली, तर आपण तीच गोष्ट मोजतो आहोत हे कशावरून? १९२७ साली आधुनिक भौतिकीच्या तर्कशास्त्रावर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी भूमिका मांडली की कोणत्याही संकल्पनेचा अर्थ ती मोजण्याच्या कृतीत असतो. जी मोजायची कृती सांगता येत नाही ती संकल्पना पोकळ. तत्त्वज्ञांनी यावर बराच कीस पाडला, मानसशास्त्रज्ञांनी ती उचलून धरली. या विचाराला त्यांच्याच कामाने पुरावा दिला, तोही जरा टोचणारा. त्यांनी ऐरणींवर दिलेले वरच्या पट्टीतले काही आकडे प्रत्यक्षाहून बरेच जास्त निघाले आणि १९६० च्या दशकात मोजपट्टी सुधारल्यावर खाली आणावे लागले.

निवृत्तीनंतरही ते प्रयोगशाळेत येत राहिले. उन्हाळा न्यू हॅम्पशायरमधल्या रँडॉल्फ या डोंगराळ गावी, लिखाण करण्यात आणि डोंगर चढण्यात जाई. १९६१ मध्ये पायांचे दुखणे सुरू झाले. आधी हाडांचा दुसरा आजार वाटला, मग कळले की कर्करोग आहे आणि तो हाडांत पसरला आहे. उपचार उरला नव्हता, वेदना वाढत होत्या, चालणे संपत आले होते. मरण सुसह्य करायला वैद्यकाने मदत करावी, अशी त्यांची इच्छा होती; त्या वेळी तशी मदत करणे कोणाला शक्य नव्हते. हार्वर्ड त्यांचे सारे प्रायोगिक निबंध सात खंडांत छापणार होते, त्याची सूची त्यांनी त्या अवस्थेत पूर्ण केली. २० ऑगस्ट १९६१ रोजी रँडॉल्फच्या घरी त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. वय ७९. मागे ठेवलेल्या दोन ओळींच्या चिठ्ठीत आपल्यावर ही वेळ आणणाऱ्या समाजाविषयी तक्रार होती आणि ती चिठ्ठी इच्छामरणाच्या चर्चेत आजही पुढे येते.

त्यांचे दुखणे कोणत्या काळातले, हेही लक्षात घ्यायला हवे. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या वेदना ठरावीक वेळाने औषध देऊन आधीच रोखायच्या, रुग्णाच्या मनाकडे आणि घरच्यांकडेही बघायचे, ही वेदनाशामक सेवेची शाखा तेव्हा जेमतेम आकार घेत होती. सिसिली साँडर्स यांचे लंडनमधील सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस १९६७ मध्ये उघडले. हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या वेदनेवर आज मॉर्फिन, किरणोपचार आणि हाडांची झीज रोखणारी औषधे असे बरेच उपाय आहेत. त्यांच्या हाताशी यातले थोडेच होते.

सात खंड १९६४ मध्ये निघाले. त्यानंतर अर्धशतकाने त्यांचे नाव एका खनिजाला मिळाले. पृथ्वीच्या पृष्ठभागाखाली सुमारे ६६० किलोमीटरपासून खाली, प्रावरणाच्या बहुतेक भागात, मॅग्नेशियम, लोह आणि सिलिका यांचा एक घट्ट स्फटिक भरून आहे. पृथ्वीच्या एकूण आकारमानाचा तो सुमारे ३८ टक्के, म्हणजे या ग्रहावरचे सर्वांत विपुल खनिज. तरीही त्याला नाव नव्हते, कारण नैसर्गिक नमुना हाती आल्याशिवाय खनिजाला नाव द्यायचे नाही असा नियम आहे, आणि हा स्फटिक वर येताना दाब उतरला की मोडतो. अखेर तो सापडला एका उल्केच्या दगडात. अवकाशातल्या टकरीच्या क्षणिक दाबाने तो तिथे बनला आणि झटकन थंड झाल्याने टिकून राहिला. २०१४ मध्ये त्याचे नाव ब्रिजमनाइट ठरले. ती उल्का ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये, टेनहॅम इथे, १८७९ साली पडली होती; ब्रिजमन यांच्या जन्माआधी तीन वर्षे.